न्यायमूर्ती ड्रोस्टे यांनी भाग घेतला नाही

सेंट ओडिल, आयोवा
११ सप्टेंबर १९७९

प्रिय मार्सी,

काल सकाळी करड्या सुटातले दोन उंच पुरुष माझ्या मागच्या दाराशी येऊन उभे राहिले. एकाने खिशातून ओळखपत्र काढून दाराच्या जाळीला टेकवलं. एफबीआय! माझ्या हातात अर्धवट सोललेला बटाटा. मला पहिला संशय आला तो क्लेमचाच. म्हटलं, आमच्या यजमानांनी गिरणीच्या करात काहीतरी घोळ घातला वाटतं. मी जाळीतूनच सांगून टाकलं, "ते घरी नाहीत आणि त्यांचे व्यवहार मला कळत नाहीत."

तर त्यातला मोठा म्हणतो, "बाई, आम्ही मार्सेला ड्रोस्टे यांची चौकशी करायला आलोय."

"अगंबाई! काय केलं तिने?"

मग त्यांनी सांगितलं. राष्ट्राध्यक्ष तुला फेडरल अपील कोर्टाची न्यायाधीश करणार आहेत म्हणे. म्हणजे तुझ्या डोक्यावर फक्त वॉशिंग्टनचं सर्वोच्च कोर्ट आणि त्याच्यावर देव! आणि हे मला, सिस्टरांच्या शाळेत तुझ्याबरोबर सात वर्षं एका खोलीत झोपलेल्या बाईला, परक्या पुरुषांकडून कळावं? लाज नाही वाटली?

त्यांना आत घेतलं, भट्टीतून नुकताच काढलेला ‘अ‍ॅपल पाय’ खायला घातला. धाकट्याने दोनदा घेतला. मग प्रश्न सुरू. ती दारू पिते का? नाताळात दोन घोट, तेही खोकला असेल तर. तिच्यावर कुणाचं वजन आहे का? मी म्हटलं, प्रयत्न करून बघा. सरकारला खाली मान घालावी लागेल असं तिने कधी काही केलंय का?

आता मी खोटं कसं बोलणार? सिस्टरांनी वाढवलेल्या मुली आपण. मी त्यांना खेकड्याची गोष्ट सांगितली. सातवीत तू नदीतला जिवंत खेकडा आणून चॅपेलच्या दारातल्या पवित्र पाण्यात सोडलास आणि बिशपसाहेबांनी त्यात बोटं बुडवली ती. सिस्टर अक्विनाटांनी विचारलं, "कोणी केलं?" तू उठून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मी केलं सिस्टर. पण लिओनाला माहीत होतं."

त्या वाक्यासाठी मी तुला अजून माफ केलेलं नाही. पण मोठ्या साहेबांना ते फार आवडलं. म्हणाले, "असाच माणूस हवा." आणि लिहून घेतलं!

तू न्यायाधीश होणारच, यात मला शंका नाही. माझी काळजी वेगळी आहे. एवढ्या उंच खुर्चीत बसल्यावर खालची माणसं दिसतात का गं?

तुझी,
लिओना

---

दे मॉइन, आयोवा
३ डिसेंबर १९७९

प्रिय लिओना,

तुझ्या खेकड्याने मला वॉशिंग्टनला जाऊन गाठलं. सेनेटच्या समितीसमोर बसले होते. एका म्हाताऱ्या सेनेटरांनी चष्मा वर करून विचारलं, "बाई, तुम्ही बिशपांची माफी मागितली होती का?" मी म्हटलं, "हो, लॅटिनमधून. शंभर वेळा लिहून." सगळे हसले आणि मी पास झाले. बाकी काय विचारलं ते आता आठवतही नाही.

गेल्या महिन्यात शपथ झाली. काळा झगा पुरुषांच्या मापाचा आहे, खांदे कोपरापर्यंत येतात. आमच्या कोर्टात मी पहिलीच बाई. त्यामुळे झग्यापासून न्हाणीघरापर्यंत सगळ्याचाच प्रश्न आहे. एका सहकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी मला कॉफी आणायला सांगितलं, त्यांना वाटलं मी नवी टंकलेखिका. मी आणली. मग त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. बिचारे अजून माझ्यासाठी दार धरून उभे राहतात.

काम कसं आहे म्हणून विचारशील. तुला वाटतं तसं नाही. साक्षीदार नाहीत, रडणारे पक्षकार नाहीत, पंच नाहीत. खालच्या कोर्टात सगळं होऊन गेल्यावर हरलेला माणूस आमच्याकडे येतो. आम्ही तिघं बसतो. कोण तिघं, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. वकील थोडा वेळ बोलतात आणि मग आम्ही दार लावून घेतो. पद्धत अशी, की सगळ्यात नव्या न्यायाधीशाने आधी मत सांगायचं, म्हणजे थोरांचं ऐकून त्याने आपलं बदलू नये. तर सध्या रोज मीच आधी तोंड उघडते. मठाच्या प्रमुख सिस्टर सुपीरियरना सांग, मला बोलायला लावणारी जागा अखेर सापडली.

आता एक गंभीर गोष्ट. ही नेमणूक मरेपर्यंतची आहे आणि तिच्याबरोबर एक मुकेपणा येतो. कोर्टात काय चाललंय ते मी तुला सांगणार नाही आणि तूही विचारायचं नाहीस. बाकी सगळं लिही. कोणाचं लग्न मोडलं, कोणाची गाय व्याली, क्लेम काय म्हणाला. इथे माझ्याशी सगळे जपून बोलतात. तू नको जपूस.

तुझी,
मार्सी

ता.क. खालची माणसं दिसतात. खुर्ची तेवढी उंच नाही, मी एका उशीवर बसते.

---

सेंट ओडिल
२० मे १९८४

प्रिय न्यायमूर्तीबाई,

आज मार्सी म्हणत नाही, कारण मी रागावलेय.

वर्तमानपत्रात वाचलं. त्या म्हातारीचा नवरा युद्धात मेला, तिला मरणानंतर सैनिकांच्या दफनभूमीत त्याच्या शेजारी जागा हवी होती आणि तू नाही म्हणालीस! तिने मध्ये दुसरं लग्न केलं होतं म्हणून! मग काय झालं? बावीस वर्षांच्या पोरीने जन्मभर काळे कपडे घालून बसायचं होतं का? निकाल तुझ्या हातचा, खाली तुझं नाव.

हे विचारणं नव्हे हं. निकाल लागून गेलाय, छापून आलाय, म्हणजे मला बोलता येतं. क्लेमचं म्हणणं, "कायदा असेल तसा." मी त्याला म्हटलं, कायद्याला सांग आजचं जेवण वाढायला.

मार्सी, तू अशी नव्हतीस गं. पंख मोडलेली चिमणी तू बुटाच्या खोक्यात ठेवून महिनाभर सांभाळली होतीस.

लिओना

---

दे मॉइन
२८ मे १९८४

प्रिय लिओना,

चिमणी मेली होती. तुला सांगितलं नव्हतं. तू रडली असतीस.

निकालाबद्दल मी काही समजावणार नाही. जे सांगायचं ते त्यात लिहिलंय आणि त्याखाली सही आहे. एवढंच सांगते, की नियम असा होता आणि तो बदलायचा अधिकार काँग्रेसला आहे, मला नाही. त्या बाईंना "हो" म्हणण्यासाठी मी जुनी पुस्तकं इतकी चाळली, की माझ्या हाताखालची तरुण मंडळी घाबरली. सापडलं नाही. मनात आलं ते लिहायचं असतं, तर राष्ट्राध्यक्षांनी माझ्याऐवजी तुला नेमलं असतं, आणि देश कदाचित जास्त सुखी झाला असता.

तो निकाल लिहिला त्या आठवड्यात मला अन्न गेलं नाही. अजूनही सूप आणि बिस्किटांवर आहे. हे फक्त तुला सांगते.

बाईंना मी पत्र लिहू शकत नाही. पण त्यांच्या सेनेटरांना कोणीतरी लिहू शकतं, नियम बदलून घ्या म्हणून. तुझं अक्षर सुंदर आहे.

मार्सी

---

सेंट ओडिल
९ ऑक्टोबर १९९१

प्रिय मार्सी,

एक मोठी बातमी आणि एक वाईट बातमी. मोठी बातमी अशी, की तुझी लिओना आता अध्यक्ष आहे. माजी विद्यार्थिनींच्या समितीची. वाईट बातमी अशी, की समिती कशासाठी निघाली ते ऐकून तू खुर्चीतून उठशील.

नदीवर नवा पूल येतोय आणि त्याचा रस्ता थेट आपल्या शाळेवरून जातोय. टेकडीवरची इमारत, चॅपेल, सफरचंदांची बाग, सगळं पाडणार. रस्तेवाल्यांनी कागदांच्या चळती आणल्या. उत्तरेकडून पूल नेता येईल का ते तीनदा तपासलं म्हणे, जमत नाही म्हणे. महापौर पिकेट तर आनंदाने नाचायचा बाकी आहे. सिस्टर म्हणाल्या, कोर्टात जायचं. म्हणून आम्ही समितीच्या नावाने...

---

दे मॉइन
१४ ऑक्टोबर १९९१

प्रिय लिओना,

तुझं पत्र "समितीच्या नावाने" इथपर्यंत वाचलं आणि बाकीचं पाकिटात परत घातलं. रागावू नकोस. हा दावा इथल्या कोर्टात चालेल आणि मग कोण जाणे कुठवर जाईल. पुलाबद्दल मला एक अक्षर लिहायचं नाही. शाळेबद्दलही नाही. तुझ्या गुडघ्याबद्दल लिही, नातवंडांबद्दल लिही. कोबी आंबवताना मीठ किती घालतेस ते या वेळी तरी खरं सांग. गेल्या वर्षीचं प्रमाण मुद्दाम चुकीचं होतं, असा माझा संशय आहे.

अध्यक्ष झाल्याबद्दल अभिनंदन. एवढं म्हणायला हरकत नाही.

तुझी,
मार्सी

---

सेंट ओडिल
२२ सप्टेंबर १९९२

प्रिय मार्सी,

वर्षभर मी गुडघा, नातवंडं आणि कोबी यांच्यावर भागवलं. माझ्यासारख्या बाईला हे किती जड गेलं असेल याचा विचार कर. पण आता आम्ही खालच्या कोर्टात हरलो आणि आमचं अपील तुमच्या कोर्टात आलंय. घाबरू नकोस. मी तुला काही विचारत नाहीये. मी फक्त सांगतेय. आमचे वकील ड्वायर म्हणतात, तिथे अकराबारा न्यायाधीश आहेत आणि कोणते तिघं बसणार ते आधी कुणालाच कळत नाही. म्हणजे तू असशीलच असं थोडंच आहे? आणि नसलीस, तर जेवणाच्या टेबलावर त्या तिघांच्या कानावर चार शब्द जायला काय हरकत आहे?

तर ऐक. पिकेटला पूल का हवा, माहितेय? पलीकडच्या उताराला त्याच्या मेव्हण्याची जागा आहे, तिथे पेट्रोल पंप टाकणार. स्वतः पिकेट तर निवडणुकीपासून केसांचा टोप घालतो, वारा सुटला की एका हाताने डोकं धरून भाषण करतो. आमचे ड्वायर पोरगेले आहेत, मनाने चांगले. पण टाय दर वेळी सूपमध्ये बुडतो आणि खालच्या कोर्टात न्यायाधीशांना चुकून "फादर" म्हणाले. सिस्टर सुपीरियर फार धार्मिक बाई, पण त्यांना नकाशा वाचता येत नाही. उत्तरेकडचा रस्ता त्या दक्षिणेकडे दाखवत होत्या. सिस्टर अक्विनाटा नव्वदीत आहेत. रोज संध्याकाळी काठी टेकत बागेत जातात आणि एकेका झाडाला ते लावणाऱ्या मुलीच्या नावाने हाक मारतात. तुझं झाड दारापासून तिसरं. त्याच्यावर त्या सर्वांत जास्त रागावतात.

मार्सी, त्यांना इथून हलवलं तर त्या हिवाळा काढणार नाहीत. एवढंच सांगायचं होतं.

तुझी,
लिओना

---

फेडरल अपील कोर्ट
रजिस्ट्रार यांचे कार्यालय
३० सप्टेंबर १९९२

श्रीमती लिओना थिल यांस,

आपण न्यायमूर्ती ड्रोस्टे यांना दि. २२ रोजी लिहिलेले पत्र न्यायमूर्तींच्या सूचनेनुसार सदर अपिलाच्या कागदपत्रांत दाखल करून घेण्यात आले आहे. पत्राच्या संपूर्ण प्रती दोन्ही पक्षांच्या वकिलांकडे पाठवण्यात आल्या असून त्यांना त्यावर म्हणणे मांडण्याची मुभा आहे.

न्यायमूर्ती ड्रोस्टे यांची या अपिलासाठी नेमणूक झाली होती. त्यांनी स्वतःला या अपिलातून दूर केले असून त्यांच्या जागी अन्य न्यायाधीश बसतील.

या विषयावर कोणत्याही न्यायाधीशांशी पत्रव्यवहार करू नये, ही विनंती.

आपला विश्वासू,
रजिस्ट्रार

---

सेंट ओडिल
१८ ऑक्टोबर १९९२

न्यायमूर्ती ड्रोस्टे,

हे पत्र अपिलाबद्दल नाही, त्यामुळे फाईलला लावायचं कारण नाही. तरी लावायचं असेल तर लाव. आता माझ्याकडे लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही.

आपल्या इथल्या पेपराने माझं पत्र पहिल्या पानावर छापलं. सगळं. टोपासकट. पिकेटने त्याच्या प्रती काढून न्हाव्याच्या दुकानात लावल्या. त्याच्या बायकोने टोपाचा उल्लेख तेवढा शाईने खोडलाय, त्यामुळे लोक पेपर घेऊन तिथे जातात आणि ताडून बघतात. ड्वायर आता बो टाय लावतात आणि माझ्याशी फक्त "गुड मॉर्निंग" बोलतात. सिस्टर सुपीरियरनी मला बसायला सांगितलं, चहा दिला आणि भिंतीवरचा नकाशा उतरवला. सिस्टर अक्विनाटा म्हणाल्या, "मीच तुझं अक्षर इतकं वळणदार करायला नको होतं, लिओना. कुणाला वाचताच आलं नसतं."

तुला ते पत्र फाडता आलं असतं. चुलीत घालता आलं असतं. "लिओना, मूर्ख बाई, गप्प बस" असं उलट टपाली लिहिता आलं असतं. तू ते रजिस्ट्रारला दिलंस. जसं सातवीत माझं नाव घेऊन मला सिस्टरांपुढे उभं केलंस, तसंच.

आणि तू त्या तिघांत होतीस! देवाने चिठ्ठी आमच्या बाजूने टाकली होती आणि मी ती स्वतःच्या पेनाने खोडली.

आता मी लिहिणार नाही.

लिओना थिल

---

दे मॉइन
नाताळ, १९९२

लिओना आणि क्लेम यांना,

सणाच्या शुभेच्छा. इथे बर्फ फार आहे.

मार्सी

---

सेंट ओडिल
१२ नोव्हेंबर १९९३

प्रिय मार्सी,

लिहिणार नाही म्हटलं होतं. वर्षभर पाळलं, क्लेमला विचार. तो म्हणतो, घरात इतकी शांतता होती की त्याला आपले कान गेले असं वाटलं.

निकाल कळला असेलच. आम्ही हरलो. दोन विरुद्ध एक. वरच्या कोर्टात जायला सिस्टरांकडे ना पैसा ना जोर. वसंत ऋतूत पाडकाम सुरू होईल. सिस्टर गावातल्या लाल विटांच्या दुमजली घरात राहायला जातील. तिघांतल्या एका न्यायाधीशांनी आमच्या बाजूने लिहिलंय, फार सुंदर लिहिलंय, चॅपेलबद्दल वाचताना मी रडले. आणि निकालाच्या पहिल्या पानावर खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे: "न्यायमूर्ती ड्रोस्टे यांनी या अपिलाच्या विचारात वा निर्णयात भाग घेतला नाही."

ती ओळ आता गावात सगळ्यांना पाठ आहे. दोन विरुद्ध एक, मार्सी. लहान पोरालाही गणित कळतं. तू बसली असतीस तर आमच्याकडे दोन मतं झाली असती. किराणा दुकानात मी आत गेले की बायका बोलायच्या थांबतात. रविवारी प्रार्थनेला आमच्या बाकावर क्लेम आणि मी दोघंच. डोरिस फ्लॅम, जिच्या तिन्ही बाळंतपणांत मी रात्री जागले, ती तोंडावर म्हणाली, "आपली मुलगी त्या खुर्चीत बसली होती, आणि तू तिला उठवलंस."

मला झोप लागत नाही. खातेपिते, हसते, अ‍ॅपल पाय करून विकते, सगळं करते. पण सिस्टर अक्विनाटा बागेत निघाल्या की मी खिडकीतून बाजूला होते. म्हणून एकदाच विचारते. आता खटला संपलाय. कुणाला सांगणार नाही, क्लेमलासुद्धा नाही. तू कोणत्या बाजूने मत दिलं असतंस? आमच्या बाजूने दिलं असतंस, तर निदान मला माझं पाप नीट कळू दे. आणि नसतंस दिलं, तर... ते मला लिहवत नाही.

तुझी,
लिओना

---

दे मॉइन
२१ नोव्हेंबर १९९३

प्रिय लिओना,

तुझं पत्र बॅगेत घालून फिरतेय. काय लिहावं ते कळत नव्हतं. आज रविवार, प्रार्थनेहून आले आणि हॅट न काढताच बसले.

तू विचारलंस ते मी सांगणार नाही. तुला नाही, पाद्र्यांना नाही, मरताना नाही. जे मत दिलंच नाही ते सांगत फिरले, तर ज्या तिघांनी निकाल दिला त्यांच्या मागे मी चौथी होऊन उभी राहीन. ही खुर्ची मला त्यासाठी दिलेली नाही. हे तुला कोरडं वाटेल, मला माहीत आहे.

जे सांगता येतं ते सांगते. चिठ्ठीत माझं नाव निघालं तेव्हा मी आमच्या मुख्य न्यायाधीशांकडे गेले. म्हटलं, ही माझी शाळा आहे, मला वगळा. ते म्हणाले, "पन्नास वर्षांपूर्वीची शाळा हे कारण होत नाही, मार्सेला. प्रत्येकाने आपल्या आवडत्या इमारतीसाठी घरी बसायचं ठरवलं तर खटले कोण ऐकणार?" बरोबर होतं त्यांचं. बसणं हे कर्तव्यच असतं. म्हणून मी बसायचं ठरवलं. खालच्या कोर्टातले सगळे कागद घरी आणले आणि महिनाभर वाचले. नकाशेसुद्धा. मला नकाशा वाचता येतो.

मग तुझं पत्र आलं. "प्रिय मार्सी" वाचलं, कोबी असेल म्हणून पुढे वाचत गेले आणि टोपापर्यंत आल्यावर लक्षात आलं, की आता परत पाकिटात घालून उपयोग नाही. एका बाजूने मला जे सांगितलं ते दुसऱ्या बाजूला कळलंच पाहिजे. पत्र चुलीत घातलं असतं तर मी अप्रामाणिक न्यायाधीश झाले असते आणि तू अप्रामाणिक न्यायाधीशाची मैत्रीण. मी मुख्य न्यायाधीशांकडे ते पत्र घेऊन गेले. त्यांनी वाचलं, टोपाला मोठ्याने हसले आणि मग चष्मा पुसत म्हणाले, "आता मात्र तुला बसता येणार नाही."

मी माझ्या खोलीत आले, कागदांचे खोके बांधून परत पाठवले, आणि खाली जाऊन जेवले. बटाटे, डुकराचं मांस, सफरचंदाची चटणी, वर एक केक. कितीतरी आठवड्यांनी नीट जेवले, लिओना.

तुझा अपमान झाला त्याचं मला फार वाईट वाटतं. तो माझ्या हातून झाला. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन, आणि पुन्हा वाईट वाटेल.

पुढच्या वर्षापासून मी अर्धंच काम घेणार आहे. वय झालं. झगा आता मापाचा आहे, खांदेच खाली आलेत. तुझ्याकडे आले तर दार उघडशील का?

तुझी,
मार्सी

---

सेंट ओडिल
६ मार्च १९९४

प्रिय मार्सी,

तुझं पत्र मी साडेतीन महिने जवळ ठेवलं. उत्तर द्यायला उशीर केला तो रागाने नाही. मला वाचायला वेळ लागला. तुझी पत्रं तुझ्या निकालांसारखी आहेत, जे सांगायचं ते एकाच वाक्यात असतं आणि तेही जेवणाबद्दल.

तू नीट जेवलीस.

त्या सैनिकाच्या बायकोच्या वेळी, मनात "हो" असून "नाही" लिहावं लागलं तेव्हा, तुला अन्न गेलं नव्हतं. या वेळी महिनाभर कागद वाचलेस, नकाशे वाचलेस, आणि तुला अन्न जात नव्हतं. मग तुला उठायला मिळालं आणि तू केकसुद्धा खाल्लास. मी चुलीपाशी उभी होते, हातात उलथणं होतं, ते तसंच राहिलं आणि धिरडं जळालं. क्लेम म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, मार्सीची भूक परत आली." तो म्हणाला, "बरं झालं. आता मला दुसरं धिरडं मिळेल का?"

मी काही विचारत नाही. यापुढे कधी विचारणार नाही. उत्तर देऊ नकोस. या परिच्छेदाचं तर मुळीच नको, नाहीतर उद्या तोही कुठल्यातरी फाईलला लागायचा. एवढंच कळव, की हल्ली जेवतेस ना? माझी झोप परत आली आहे. काल तर क्लेमच्या घोरण्यातही झोपले.

सिस्टर नव्या घरात गेल्या. सिस्टर अक्विनाटांबद्दल मी तुला लिहिलं होतं, त्या हिवाळा काढणार नाहीत. त्यांनी काढला, आणि आता तिथल्या अंगणात दोन रोपं लावून त्यांच्यावर ओरडायला सुरुवातही केलीय. देवालाही त्यांना बोलवायची घाई दिसत नाही. बैठकीच्या खोलीत तुझा झग्यातला फोटो लावायचा होता. सिस्टर सुपीरियरनी मला हळूच विचारलं, "लिओना, तुला वाईट तर वाटणार नाही?" मी म्हटलं, "हातोडी आणा." खिळा मीच ठोकला. थोडा तिरका लागलाय, पण तुझं नाकही तसंच आहे. गावातल्या मुलींना तो फोटो दाखवून सिस्टर सांगतात, "ही आपली. ही बसली असती तर शाळा वाचली असती." मुली मान वर करून बघतात. दोघींना तर आता वकील व्हायचंय.

पाडकाम पुढच्या महिन्यात सुरू होतंय. तू ये. लोक तुला मिठ्या मारतील, अ‍ॅपल पाय खायला घालतील, पिकेटसुद्धा हात मिळवेल, वारा नसला तर. माझ्या खोलीत झोप. क्लेमला वर माडीवर पाठवते.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ चालू आहे, त्यामुळे दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळतात आणि अख्खं गाव तिथे असतं. परवा मी ताट घेऊन रांगेत उभी होते. डोरिस फ्लॅम वाढत होती. मागे बरीच माणसं होती, त्यामुळे तिने मुद्दाम मोठ्याने विचारलं, "खरं सांग लिओना. तू ते पत्र लिहिलं नसतंस, तर आज आपली शाळा उभी असती की नाही?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "असती, डोरिस," आणि माशाचा आणखी एक तुकडा मागून घेतला.

तुझी,
लिओना